किनार्यावर नव्हे, किनाऱ्यावर: गोव्यातून ऑनलाइन मराठी लिहिताना

पुढची सूचना एकदा वाचा. ती कुठल्या एका देवस्थानाची नाही, नमुन्यासाठी मुद्दाम रचली आहे. पण जत्रेच्या दिवसांत अशा सूचना फोनवर रोज येतात.

«श्रींच्या वर्धापन दीना निमीत्त शुक्रवारी सायं. ७ वा. देवळा समोर नाटयप्रयोग होणार आहे. तरी सर्व भाविकानी सहकुटूंब येवून तिर्थप्रसादाचा लाभ घ्यावा. म्हापसाहून बसची सोय केली आहे. कार्यक्रमाचे उध्दाटन सरपंचाच्या हस्ते होईल.»

चार वाक्ये आणि डझनभर चुका. या सगळ्या काही नियम ठाऊक नसल्याने झालेल्या नाहीत. काही फोनने केल्यात, काही जुन्या फॉन्टने, काही कानाने. चूक कुठून आली हे कळले की ती पुन्हा होताना हात आपोआप थांबतो. म्हणून इथे नियमांच्या क्रमाने न जाता कारणांच्या क्रमाने जाऊ.

नियम म्हणाल तर ते फार नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली, एकूण अठरा. गोव्यातल्या मराठी लेखनालाही तेच धरले जातात.

फोनने सोडलेली जागा

«देवळा समोर», «दीना निमीत्त» यांतली मोकळी जागा बहुतेक वेळा फोनने सोडलेली असते. कळफलकाच्या वरच्या पट्टीतला शब्द टिचकी मारून घेतला की पुढे जागा सुटते, आणि «समोर» वेगळा पडतो. मराठीत शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला चिकटून येते: देवळासमोर, मंदिराजवळ, सर्वांसाठी, पावसामुळे, पणजीपर्यंत, आमच्याकडे, त्यांच्याबद्दल, दिनानिमित्त.

ओळखायचे कसे? आधीचा शब्द एकटा उभा राहतो का, ते पाहा. «देवळा» एकटा उभा राहत नाही, लंगडतो. म्हणजे पुढचा शब्द जोडायचा. «देवळाच्या समोर» असे मात्र सुटे लिहिता येते, कारण «च्या» लागून आधीचा शब्द पुरा झालेला असतो.

ही चूक किरकोळ समजू नका. «त्यामुळे» म्हणजे त्या कारणाने; «त्या मुळे» असे सुटे लिहिले की झाडाची मुळे आठवतात. लाल रेघ इथे येणार नाही, कारण दोन्ही शब्द यंत्राला खरेच वाटतात. उपाय साधा आहे: संदेश लिहून झाला की साठी, मुळे, समोर, कडे, बद्दल एवढे पाच शब्द शोधायचे आणि आधीची जागा पुसायची.

सामासिक शब्दही तुटतात. वर्धापनदिन, नाट्यप्रयोग, तीर्थप्रसाद, स्नेहसंमेलन हे एकेक शब्द आहेत.

पहिली की दुसरी

«वर्धापन दीन» ही चूक बहुधा अर्धा नियम ठाऊक असलेल्या माणसाची असते. त्याने शाळेत शिकलेले असते की शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ: वीट, खीर, पूल, फूल, मूल, वकील, गरीब, बहीण, जमीन. ते बरोबरच आहे, पण ते मराठी शब्दांना. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मूळ रूपच ठेवतात: दिन, गुण, विष, गणित, मंदिर, पंडित. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे बिचारा. दुसऱ्या वेलांटीने वर्धापनाच्या आनंदावर पाणी पडते.

या नियमाची दुसरी बाजू लोक सर्रास विसरतात. मराठी शब्दाला प्रत्यय लागला की तो दीर्घ ऱ्हस्व होतो. «मांडवी पूल» बरोबर, पण वाहतुकीची कोंडी «मांडवी पुलावर». तसेच विटेने, खिरीत, फुलांचा, मुलाला, वकिलाकडे, बहिणीची, जमिनीत, विहिरीत, मिरवणुकीत, निवडणुकीत. संस्कृत शब्द इथेही हलत नाहीत: शरीर – शरीरात, न्यायाधीश – न्यायाधीशांनी. आणि शेवटचेच अक्षर दीर्घ असेल तर प्रत्यय लागूनही ते दीर्घच राहते, म्हणून «अटल सेतूवर», «काजूची», «फेणीचा».

शेवटच्या अक्षराचे एवढे लक्षात ठेवा: मराठीत लिहिताना ते दीर्घ. करू, जाऊ, कवी, गुरू, वस्तू, मूर्ती, बुद्धी, श्रद्धांजली. अपवाद «आणि», «नि», «परंतु», «तथापि» अशा मोजक्या अव्ययांचा. पण कवी, गुरू, मूर्ती यांसारखा संस्कृत शब्द समासात पुढे गेला की मूळचा ऱ्हस्व परत येतो. कवी, पण कविसंमेलन. गुरू, पण गुरुपौर्णिमा. मूर्ती, पण मूर्तिकार. चवथीच्या दिवसांत «मुर्तीकार» असा फलक हमखास दिसतो, आणि त्यात दोन्ही स्वर उलटे पडलेले असतात.

मग «तीर्थ». संस्कृत शब्दात रफाराच्या आधीची वेलांटी किंवा उकार बहुधा दीर्घ असतो: तीर्थ, कीर्तन, मूर्ती, पूर्ण, सूर्य, ऊर्जा, आशीर्वाद. देवळाच्या सूचनेत हेच शब्द असल्याने चुकाही तिथेच जास्त. «निर्» आणि «दुर्» या उपसर्गांत तो ऱ्हस्व: निर्णय, दुर्दैव. «आर्शिवाद» ही वेगळीच करामत आहे; तिथे रफारच एक घर आधी जाऊन बसतो. आ, शी, मग र् चढलेला वा, असे एकेक अक्षर म्हणत टंकित करा.

«कुटूंब» आणि «निमीत्त» यांचे उत्तर उलट दिशेला आहे. टिंब आणि जोडाक्षर यांच्या आधी साधारणपणे ऱ्हस्व: कुटुंब, सुंदर, चिंच, भिंत, किल्ला, निमित्त. रफार हे तसे जोडाक्षरच, पण तो आपला वेगळा संसार थाटून आहे हे वर आलेच.

शेवटी येणारे चार प्रत्यय ओळखायला शिका, म्हणजे शंभर शब्दांचा प्रश्न मिटेल. «इक» आणि «इत» ऱ्हस्व: स्थानिक, नागरिक, सांस्कृतिक, हार्दिक, प्रकाशित, सुरक्षित. «ईय» आणि «ईन» दीर्घ: गोमंतकीय, शासकीय, प्राचीन, नवीन. ओघाने सांगायचे तर पर्यटनाच्या मजकुरात ठाण मांडून बसलेला «पारंपारिक» चूक आहे. परंपरेला «इक» लागून पहिल्याच अक्षराची वृद्धी होते (प चा पा), म्हणून पारंपरिक. शुभेच्छांतला «अभिष्टचिंतन»ही चूक; अभि आणि इष्ट मिळून अभीष्ट होते, म्हणून अभीष्टचिंतन.

टिंब: खास आपल्याकडची अडचण

गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठी वापरण्याची तरतूदही राहिली. म्हणजे एकच हात एकाच लिपीत दोन भाषा लिहितो. कोंकणीत नाकातला उच्चार जिवंत आहे, म्हणून तिथे टिंब हवेच: नांव, गांव, पांच, घरांत, गोंयांत. मराठीने न उच्चारली जाणारी टिंबे १९६२ च्या नियमांनी काढून टाकली: नाव, गाव, पाच, घरात, गोव्यात. सकाळी कोंकणी लिहिलेला हात दुपारी मराठीत «गोव्यांत» लिहून जातो. घरातल्या जुन्या मराठी पोथ्या-पुस्तकांतही ही टिंबे आहेत, त्यामुळे चूक डोळ्यांना खटकत नाही.

मराठीत मात्र हे टिंब आता एकच काम करते, ते म्हणजे अनेकवचन दाखवणे. «घरात पाणी शिरले» म्हणजे एका घरात. «घरांत पाणी शिरले» म्हणजे अनेक घरांत. «डिचोली तालुक्यात मुसळधार» आणि «बाराही तालुक्यांत मुसळधार» या दोन बातम्यांत फरक त्या ठिपक्याचा. «उद्या गावात वीज नसेल» हे वाचून एका गावाने मेणबत्त्या आणायच्या की सगळ्यांनी, तेही त्याच ठिपक्यावर.

जिथे टिंब हवे तिथे ते सुटते, कारण भरभर बोलताना «भाविकांनी»मधला अनुस्वार कानाला लागतच नाही. त्याची ठोक खूण ही: «नी» प्रत्यय अनेकवचनाचा, «ने» एकवचनाचा. भाविकाने, भाविकांनी. «त्यानी सांगितले» असे दिसले की एक तर टिंब राहिले आहे किंवा «ने» हवा होता. मधले रूप नाही.

आदरार्थीही अनेकवचनच. सरपंच एकच असतात, पण उद्घाटन «सरपंचांच्या हस्ते» होते. «मुख्यमंत्र्यांनी», «गुरुजींना», «आजोबांचे». टिंब गेले की सरपंचांचा मान गेला, आणि गावात ही चूक व्याकरणाची म्हणून कोणी माफ करत नाही.

येऊन, जाऊन, ठेवून

धातूत «व» असेल तरच «वून». आज्ञा करून पाहा: ठेव, जेव, धाव, चाव. इथे व ऐकू येतो, म्हणून ठेवून, जेवून, धावून, चावून. ये, जा, दे, घे, हो, खा, गा यांत व नाही, म्हणून येऊन, जाऊन, देऊन, घेऊन, होऊन, खाऊन, गाऊन.

इथेही कोंकणीचा शेजार आहे. तिकडे «देवूळ» आणि «पावस», इकडे «देऊळ» आणि «पाऊस». प्रत्यय लागल्यावर मराठीतही व परत येतोच, देवळात, पावसात; त्यामुळे गोंधळ साहजिक आहे.

गावाला प्रत्यय लावताना

«म्हापसाहून» हे इंग्रजी पाटीवरून आलेले मराठी आहे. नकाशात नाव जसे दिसते तसे उचलायचे आणि पुढे «मध्ये» किंवा «हून» ठोकायचे, अशी सवय पडली आहे: फोंडामध्ये, पेडणेमध्ये, शिरोडाहून. बोलताना कोणी तसे म्हणत नाही. आपण म्हणतो फोंड्यात, पेडण्यात, शिरोड्याहून. जे तोंडात येते तेच लिहा, इथे तोंड हाच चांगला गुरू आहे.

म्हापशाचे जरा खोलात. शेवटी «सा» असलेल्या पुल्लिंगी शब्दाचे सामान्यरूप «शा» होते: मासा – माशाला, ससा – सशाला, घसा – घशात, पैसा – पैशाचा. त्याच रांगेत म्हापसा – म्हापशात, म्हापशाहून, म्हापशाचा बाजार. यात «य» घुसवून «म्हापश्यात», «पैश्याचा» करू नका. «जा»ने संपणाऱ्या दरवाजा, मोजा यांनाही य लागत नाही: दरवाजाला, मोजाला.

बाकी गावे सरळ आहेत. पणजीत, साखळीत, वाळपईत, डिचोलीत, वास्कोत, मडगावात, काणकोणात.

विशेषनाम ज्याचे तो लिहील तसे ठेवावे. «गोमंतकीय» टिंबाने लिहिणारा माणूसही «दैनिक गोमन्तक» हे नाव अर्ध्या न नेच लिहितो, आणि तेच योग्य.

जोडाक्षरे आणि कळा

«उध्दाटन»मध्ये दोन चुका एकात आहेत. आधी जोडाक्षर: द पाय मोडून आधी येतो, ध नंतर. शुद्ध, श्रद्धा, बुद्धी, पद्धत, प्रसिद्ध, सुद्धा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, बदलताना «ध्द» होऊन येतो आणि तसाच पसरतो. छापलेल्या अक्षरात वरचा आकार द चा आहे की ध चा, ते बारकाईने पाहावे लागते. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर द आणि ध एकाच कळीवर आहेत, साधी दाबली की द, शिफ्टसह ध. तेव्हा क्रम असा: साधी कळ, हलन्त (पाय मोडायचे चिन्ह), मग शिफ्टसह तीच कळ. दुसरी चूक अर्थाची. उत् आणि घाटन मिळून उद्घाटन, त्यात ध चा संबंधच नाही, घ आहे.

«नाटय» हीसुद्धा फॉन्ट बदलल्याची खूण. ट चा पाय मोडला जात नाही आणि नाट्य, कट्यार, पाट्या हे सगळे पांगळे होऊन येतात.

आता शीर्षकातला शब्द. किनारा – किनाऱ्यावर. र चा उच्चार आघात न देता होतो, म्हणून तिथे रफार नाही, चंद्रकोरीसारखा अर्धा र येतो. तसेच पायऱ्या, वाऱ्यावर, कर्मचाऱ्यांनी, जिल्हाधिकाऱ्यांना. गोव्यात हा फरक समजावायला लांब जायला नको: दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. «सह्याद्रीच्या दर्या» लिहिलेत तर समुद्र घाटमाथ्यावर चढतो.

हा अर्धा र टंकित करायचा तर «र» नव्हे, खाली टिंब असलेला «ऱ» घ्या, त्यावर हलन्त, मग य. इन्स्क्रिप्टवर र च्याच कळीला शिफ्ट दाबले की ऱ मिळतो. रोमन अक्षरांतून मराठी उमटवत असाल तर पट्टीतल्या पर्यायांतून चंद्रकोरीचा र असलेला शब्द निवडा, पहिला आला तो घेऊ नका. काही ठिकाणी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून हाच आकार काढलेला असतो. दिसायला अगदी तसाच, पण मजकूर दुसरीकडे चिकटवताना ते अदृश्य चिन्ह गळू शकते आणि किनाऱ्यावरचा «किनार्यावर» होतो.

असाच दिसण्याचा घोटाळा «ॲप», «ॲड.» यांत आहे. ॲ हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी अ लिहून वर चंद्र जोडत, आणि अजूनही पुष्कळजण जोडतात. काही फोनांवर मग चंद्राखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते, आणि शोधताना एका पद्धतीचे दुसऱ्याला सापडेलच असे नाही. अखंड ॲ च वापरा. हिंदी कळफलकावरचा ऍ मराठीतला नव्हे.

विसर्गाच्या जागी अपूर्णविराम ठोकणे ही तिसरी गत. «दुःख», «स्वतः», «अंतःकरण» यांतला विसर्ग हे स्वतंत्र चिन्ह आहे. अपूर्णविराम टाकला की यंत्राच्या लेखी शब्दाचे दोन तुकडे पडतात आणि ओळीच्या शेवटी तो तिथेच मोडू शकतो. इन्स्क्रिप्टवर शिफ्टसह वजाबाकीच्या चिन्हाची कळ दाबली की विसर्ग येतो.

थोडक्यात उरलेले: शृंगार, «श्रृंगार» नव्हे. ब्रह्म आणि ब्राह्मण यांत ह आधी, म नंतर. सत्तरी तालुक्यातल्या ब्रह्मकरमळी गावाबद्दल लिहिताना हे नेमके उलटते. महत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व यांत दोन त, कारण महत्, तत्, व्यक्तिमत् यांचा एक त आधीच आहे. नेतृत्व, अस्तित्व यांत एकच. उज्ज्वल यात ज दोनदा.

शेजारच्या भाषांतले शब्द

खाजन (खाडीकाठची शेतजमीन), बांद (तिथे भरतीचे पाणी अडवणारा भराव), मानस (त्यातले पाणी सोडण्या-अडवण्याचे दार), पोदेर (पाव भाजणारा) हे कोंकणी शब्द मराठी मजकुरात आले तर ती चूक नाही. त्यांना दुसरा नेमका शब्द नाही, आणि शोधायचे कारणही नाही. चूक होते ती व्याकरणाची उसनवारी करताना. कोंकणीत मुलीबद्दल बोलताना नपुंसकलिंग येते, मराठीत ती «आली»च.

हिंदीची भर वेगळी. «मी त्याला बोललो» नव्हे, «मी त्याला म्हणालो». «माझी मदत केली» नव्हे, «मला मदत केली». शिक्षा म्हणजे मराठीत दंड आणि चेष्टा म्हणजे थट्टा, तेव्हा «मुलांच्या शिक्षेसाठी देणगी द्या» असे आवाहन करण्यापूर्वी दोनदा विचार करा.

तपासणी

मजकूर मोठा असेल, स्मरणिका वगैरे, तर संगणकावर शोधा-बदला वापरा, पण जपून. «ध्द»च्या जागी «द्ध» आणि «श्रृ»च्या जागी «शृ» एका फटक्यात बदलायला हरकत नाही, कारण चुकीची रूपे बरोबर शब्दांत येत नाहीत. «जावून» मात्र एका फटक्यात बदलू नका. «समजावून» आणि «बजावून» यांच्या पोटात ते आहे आणि त्यांचे «समजाऊन», «बजाऊन» होऊन बसेल. «खावून»चेही तसेच, आत «दुखावून» आणि «सुखावून» लपलेले असतात. तिथे एकेक पाहून बदला.

नंतर एकदा फक्त «नी»कडे पाहत वाचा, एकदा फक्त गावांच्या नावांकडे. सगळ्या चुका एका वाचनात शोधायला गेले की डोळा अर्थामागे धावतो आणि टिंब निसटते. वरची सूचना या गाळणीतून गेली की अशी होते:

«श्रींच्या वर्धापनदिनानिमित्त शुक्रवारी सायं. ७ वा. देवळासमोर नाट्यप्रयोग होणार आहे. तरी सर्व भाविकांनी सहकुटुंब येऊन तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा. म्हापशाहून बसची सोय केली आहे. कार्यक्रमाचे उद्घाटन सरपंचांच्या हस्ते होईल.»

हा मजकूर चित्रात किंवा फ्लेक्सवर जाणार असेल तर तो हाताने लिहून किंवा फोनवर सांगून देऊ नका, युनिकोड मजकूर म्हणून पाठवा, आणि बनून आलेले चित्र पुन्हा वाचा. काही डिझाइन प्रणालींना देवनागरी जुळवता येत नाही: पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते, जोडाक्षर फुटून हलन्त उघडा दिसतो, रफार घसरतो. तेव्हा छापायला हो म्हणण्याआधी «निमित्त»मधली वेलांटी, «नाट्य»मधला ट्य, «तीर्थ»वरचा रफार आणि «उद्घाटन»मधला द्घ, या चार जागा चित्र मोठे करून पाहा.